एकशे सदुसष्ट नंबरचा खाना

गुरुवारी संध्याकाळी ती कामावरून घरी आली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसले होते. टरफलांचे दोन ढीग होते, एक किडक्यांचा, एक चांगल्यांचा. दोन्ही टाकायचेच तर वेगळे कशाला, असं आईनं पूर्वी एकदा विचारलं होतं. "टाकतोय काय हे तरी माणसाला माहीत असावं," असं उत्तर मिळालं, आणि आईनं तो प्रश्न पुन्हा काढला नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बाई दुसरं काही नाही तरी कोणते प्रश्न विचारायचे नाहीत एवढं शिकतेच.

"काय म्हणतो तुझा दुभाष्या?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"म्हणतो, सोमवारपासून कामावर येतो."

"परीक्षेत पास झाला?"

"शंभरपैकी शंभर."

"पेपर कोणी काढला होता?"

"मीच."

"मग काय बिशाद आहे त्याची नापास व्हायची," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि बाबा चक्क हसले.

दुभाष्या हे नाव बाबांनीच ठेवलेलं. गावाला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात क्लोरीनची झडप सांभाळणारा प्रोग्रॅम बाबांनी एकतीस वर्षांपूर्वी लिहिला होता. पाणी किती वाहतंय ते बघायचं, त्या मानानं झडप उघडायची किंवा मिटायची, एवढंच त्याचं काम. पण ते त्यानं एकतीस वर्षं न चुकता केलं होतं. बाबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, त्यांच्या जागेवर तीच बसली, तरी प्रोग्रॅम चालतच होता. थकला होता तो प्रोसेसर. नखाएवढ्या त्या काळ्या तुकड्याचं उत्पादन कधीच बंद पडलं होतं. कपाटात जपून ठेवलेल्या जादा तुकड्यांपैकी आता एकच उरला होता, आणि तोही गेला की गावाच्या पाण्याचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. म्हणून आठ महिने खपून तिनं नव्या कॉम्प्युटरवर दुभाष्या तयार केला. बाबांच्या प्रोग्रॅममधला एकेक आकडा तो वाचायचा, जुन्या प्रोसेसरनं त्यावर काय केलं असतं ते पाहायचा, आणि नव्या प्रोसेसरच्या भाषेत तेच करायचा. बाबांचा एकही आकडा बदलायचा नव्हता. तिला तो मार्ग सगळ्यांत सुरक्षित वाटला होता.

"माझ्या प्रोसेसरला एकशे एक्कावन्न आज्ञा यायच्या," बाबा एक शेंग फोडत म्हणाले. "मग त्याचा धाकटा भाऊ आला. म्हणाला, थोरल्याचं सगळं मला येतं आणि वर माझं थोडं जास्तीचं. मग दुसरं घराणं आलं. त्यांची एकेक आज्ञा म्हणजे लग्नपत्रिका, वाचून संपत नाही. मग तिसरे आले, ते म्हणाले एवढा पसारा हवाय कशाला, मोजक्याच आज्ञा ठेवू आणि पळवू. एकाच्या घरात जो आकडा 'उचल' सांगतो, तोच दुसऱ्याच्या घरात 'उडी मार' सांगतो. पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत. प्रत्येक जण म्हणतो, मागच्यांचं मला कळतं."

"कळतंच, बाबा. नाहीतर जगातले जुने प्रोग्रॅम चालले असते का?"

"लिहून ठेवलेलं कळतं." त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्याला बोटं पुसली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तू वाचलंस ना सगळं?"

वय एक्केचाळीस, हाताखाली सहा माणसं, आणि तरी बाबांनी त्या आवाजात विचारलं की तिला पाढे चुकल्यासारखं व्हायचं.

"वाचलं."

"शेवटपर्यंत?"

"हो बाबा. शेवटपर्यंत."

बाबांचा प्रोग्रॅम सत्तेचाळीस पानांचा होता, पेन्सिलनं लिहिलेला, एका ओळीत एक आकडा आणि कडेला क्वचित एखादा शब्द. तिनं छत्तीस पानं वाचली होती. अकरा राहिली. कंटाळा हे त्याचं कारण नव्हतं. दुभाष्याला मजकुराचा अर्थ कळावा लागत नाही, नुसती भाषा कळली की पुरे, असं तिचं मत होतं आणि ते चारचौघांत पटवून देण्याइतकं खरंही होतं. पण ते मत बाबांच्या समोर मांडायचं म्हणजे पुढचे दोन तास टेबलावरून उठायला नको. त्यापेक्षा 'हो' सोपं होतं.

बाबांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सोललेल्या मटारांचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

"शाबास. मग मला काही सांगायला नको."

बाबांच्या तोंडून 'शाबास' तिनं आयुष्यात चारदा ऐकलं असेल. ती सबंध संध्याकाळ त्या शब्दावर तरंगत होती. 'काही' म्हणजे काय, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेबाराला आईचा फोन आला. बाबा बूट घालायला बसले होते. डाव्या बुटाची नाडी बांधून झाली होती.

पुढचे दिवस घरात माणसं येत राहिली, जात राहिली. चपलांनी दारातली जागा भरायची आणि रिकामी व्हायची. तिनं दाखला आणला, फोन केले, आईला दोन घास खायला लावले. ती रडली नाही. तिला भीती वाटत होती. कशाची ते कळत नव्हतं. माणूस गेल्यावर असं होतच असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली.

सोमवारी केंद्राच्या प्रमुख मॅडमचा फोन आला. त्या बाबांच्या हाताखाली शिकलेल्या. अजूनही बाबांचं नाव घेताना आवाज खाली आणायच्या.

"दुभाष्या बसवला. लोण्यासारखा चाललाय. तू अजिबात येऊ नकोस, आईजवळ थांब. बुधवारी चार वाजता पंप एकदम बंद करून बघू, झडप आपोआप मिटते का, आणि मग कागदावर सही करून मोकळे होऊ."

"मी यायला हवं होतं."

"काही गरज नाही. सर स्वतः बोललेत माझ्याशी, गुरुवारी रात्री. पुढचं तुला सांगेन कधीतरी."

बुधवारी दुपारी अडीचच्या सुमारास फोरमनकाका आले. बाबांच्या बरोबरीचे, केंद्रात तीस वर्षं पान्हा घेऊन फिरलेले, गुडघ्यांनी आता पार दगा दिलेला. आईसमोर बसून त्यांनी थोडा वेळ नाक ओढलं आणि मग, ज्याची घरात सगळ्यांना गरज होती, ते सुरू केलं. गेलेल्या माणसाची टिंगल.

"काय चिक्कू माणूस होता, वहिनी! पैशाला नव्हे, जागेला. दोन हजार अठ्ठेचाळीस आकडे मावतील एवढीच जागा त्या यंत्रात. हा म्हणायचा, मला दोन हजार एकोणसाठ लागतायत. अकरा आकडे कमी करायला पठ्ठ्या तीन आठवडे घरी आला नव्हता, आठवतंय?"

"आठवतंय तर. डबा पाठवायचे. रिकामा परत यायचा तोही न धुता."

"शेवटी सापडली युक्ती. तो आज्ञांचा तक्ता नव्हता का? सोळा आडवे, सोळा उभे खाने. दीडशेएक भरलेले, बाकी कोरे. कंपनीनं म्हटलेलं, कोऱ्या खान्यांबद्दल आम्हाला विचारू नका. हा गडी एकेक कोरा आकडा यंत्राला भरवून बघत बसला, काय करतं ते. आणि काही काही ठिकाणी ते कामाचं निघालं! मला म्हणतो कसा, 'फोरमन, रिकाम्या घरांत भाडेकरू बसवलेत, मालकाला पत्ता नाही.'"

आई हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

ती हसली नाही.

"काका, कुठल्या खान्यांत?"

"मला काय विचारतेस? मी पान्हावाला माणूस. नंतर काढलेही असतील त्यानं." काकांनी चष्मा पुसला. "आणि तुला ठाऊकच असणार की. गुरुवारी रात्री मला फोन करून सांगत होता, पोरीनं शेवटपर्यंत वाचलंय, आता मी सुटलो. एवढा खूश नव्हता झाला कधी."

ती उठून आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. सत्तेचाळीस पानं तिच्या पिशवीत होती, गुरुवारपासून तशीच. सदतिसाव्या पानापासून ती बोट ठेवून वाचू लागली.

एकेचाळिसाव्या पानावर सापडला. एकशे सदुसष्ट.

प्रोसेसरला दोन खिसे असतात असं बाबा तिला लहानपणी सांगायचे. एकशे पासष्ट म्हटलं की वस्तू पहिल्या खिशात जाते, एकशे सहासष्ट म्हटलं की दुसऱ्या. एकशे सदुसष्टचा खाना कंपनीच्या जुन्या तक्त्यात कोरा होता. बाबांनी त्यापुढे पेन्सिलनं बारीक लिहिलं होतं, 'दोन्ही खिशांत एकदम.' आणि त्याखाली, 'झडप आणि भोंगा.'

मग तिला तो दुसरा तक्ता आठवला, तिनं दुभाष्या लिहिताना समोर ठेवलेला. जुन्या प्रोसेसरचं माहितीपुस्तक जीर्ण झालं होतं, पानं चिकटलेली, म्हणून तिनं धाकट्या भावाचं वापरलं होतं. नवंकोरं, स्वच्छ छापलेलं. थोरल्याचं सगळं मला येतं, असं म्हणणारा तो धाकटा. त्याच्या पुस्तकात कोरा खाना असा एकही नव्हता. थोरल्याच्या कोऱ्या खान्यांतले काही धाकट्यानं स्वतःच्या नव्या आज्ञांनी भरले होते, आणि उरलेल्यांत नीटनेटकं छापलं होतं, 'काहीही न करता पुढे जा.' तिनं ते जसंच्या तसं उतरवलं होतं. एकशे सदुसष्टही. काहीही न करता पुढे जा.

तिनं पेन्सिल घेतली आणि ती अकरा पानं हातानं चालवून पाहिली, एकेक आकडा, जसा दुभाष्या चालवील तसा. पंप हळूहळू मंदावला तर प्रोग्रॅम इथे येतच नव्हता. चाचणीच्या टेबलावर तिनं प्रवाहाची कळ हळूहळूच शून्यावर आणली होती, आणि झडप शहाण्यासारखी मिटली होती. पण पाणी दोन सेकंदांच्या आत थांबलं तर प्रोग्रॅम या पानांवर उडी मारायचा. इथे 'मीट' हा निरोप दोन्ही खिशांत पडायला हवा होता, एक झडपेसाठी, एक भोंग्यासाठी. दुभाष्या काहीही न करता पुढे जाणार होता. खिशात जे आधी होतं तेच राहणार होतं. झडप होती तेवढी उघडी. भोंगा गप्प.

पाणी थांबलं आणि झडप उघडी राहिली, तर क्लोरीनला पाण्यात जायला वाट उरत नाही. तो खोलीत येतो. बाबांनी हा प्रोग्रॅम लिहिला त्याच्या आदल्या वर्षी एक फिटर त्या खोलीतून बाहेर आला होता, स्वतःच्या पायांनी. त्यानंतर जगला तितकी वर्षं तो खुर्चीत बसून झोपला. आडवं पडलं की गुदमरायचा. ही अकरा पानं त्या माणसासाठी होती.

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

तिनं झडपेच्या खोलीत फोन लावला. वाजत राहिला. पंप चालू असला की तिथे काही ऐकू येत नाही. मॅडमचा मोबाइल बंद. आत जाताना मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवायचा हा नियम बाबांनीच घातलेला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा. मग बाहेर येऊन काकांपुढे हात पसरला.

"काका, स्कूटरची किल्ली."

"अगं, आत्ता? कुठे?"

"केंद्रात."

"चेहरा बघ तुझा. मी येतो."

"तुम्हाला जिने चढवणार नाहीत. द्या."

आईनं दारात येऊन हाक मारली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

केंद्र पाच मैलांवर. रस्त्यावर शाळा सुटली होती, पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन आडवी चालत होती. तिला सगळी माणसं फार सावकाश हलताना दिसत होती. सिग्नलला थांबली की ती मनातल्या मनात पानं चालवायची. एकशे सदुसष्ट, काहीही न करता पुढे जा. नाक्यावरच्या नळावर एक बाई हंडा भरत होती, आणि तिला वाटलं, पाणी वाहतंय, म्हणजे अजून पंप चालू आहे. त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. पुढच्या नळावर कोणी नव्हतं, तर तिनं वेग आणखी वाढवला.

फाटकातून आत शिरली तेव्हा चाराला आठ मिनिटं कमी होती. जिना चढून ती झडपेच्या खोलीच्या दारात पोहोचली आणि थांबली. धाप लागून बोलता येईना.

खोली बारा बाय दहाची. एका भिंतीला पिवळे सिलिंडर साखळीनं बांधलेले, मधे झडप, कोपऱ्यात तिचा दुभाष्या, हिरवा दिवा लावून बसलेला. तिघं झडपेभोवती अगदी जवळ उभे होते, नव्या बाळाभोवती माणसं उभी राहतात तसे. मॅडम, झडपेच्या कंपनीचा सर्व्हिसवाला, आणि शिट्टीमामा. मामा या केंद्रात पंप चालवत तिच्या जन्माआधीपासून. शिट्टीवर जुनी गाणी वाजवायची सवय, म्हणून ते नाव. निवृत्तीला दोन महिने उरलेले. पंपाची कळ त्यांच्या हाताशी होती.

"अरे, पोरगी आली!" मामा ओरडून म्हणाले. पंपाच्या आवाजात ओरडल्याशिवाय इथे भागत नाही. "बघ, तुझं लेकरू काय गुणी निघालंय. आई आली म्हणून दिवा मिचकावतंय."

"मामा, कळीवरचा हात काढा."

"काय?"

"हात काढा! पंप बंद करू नका!"

मामांनी हात काढला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पाच दिवसांपूर्वी बाप गेलेली, विस्कटलेल्या केसांची, पायांत दोन वेगळ्या चपला घालून आलेली बाई त्यांना दिसली असावी.

"बाहेर चला सगळे," ती ओरडली. "झडप मिटणार नाही. प्रोग्रॅममध्ये एक आज्ञा आहे, दुभाष्याला ती येत नाही. पंप एकदम थांबला तर..."

"अगं, शांत हो." मॅडम जवळ आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी बोलू लागल्या. "आठ महिने तू तपासलंस. टेबलावर झडप मिटली. मी स्वतः पाहिली."

"हळूहळू मिटली. हळूहळूचं वेगळं असतं. बाबांनी तक्त्यात नसलेली आज्ञा वापरलीय. एकेचाळिसावं पान. फोरमनकाकांना विचारा."

"फोरमनना आज काय आठवतंय?" मॅडम मायेनं बोलत होत्या, आणि त्या मायेचीच तिला दहशत वाटली. "ऐक माझं. मला पण हीच शंका होती. जुन्या लोकांनी असल्या क्लृप्त्या केलेल्या असतात हे मला माहीत आहे. म्हणून गुरुवारी मी सरांना फोन केला. सरळ विचारलं, 'सर, आत काही लपलेलं आहे का, जे मला कळायला हवं?' सर काय म्हणाले सांगू? म्हणाले, 'आहे. पण मुलीनं शेवटपर्यंत वाचलंय. तिच्या नजरेतून ते सुटणार नाही. तिनं त्याची सोय केली असणार. बेधडक चालू कर.' सरांनी आयुष्यात कुणाबद्दल असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं."

तिनं जोरजोरात नकाराची मान हलवली.

"तू दमलीयस. माझे वडील गेले तेव्हा मी गॅस बंद केलाय का बघायला महिनाभर उठत होते. असं होतं." मॅडमनी घड्याळ पाहिलं. "सर चुकत नाहीत, आणि तूही नाहीस. तू खाली जाऊन बस, मी चहा पाठवते. मामा, घ्या."

मामांनी कळीवर हात ठेवला. तिच्याकडे पाहून धीर दिल्यासारखी मान हलवली आणि शिट्टीवर काहीतरी वाजवू लागले. आवाजात ते ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ दिसत होते. झडपेपासून त्यांचं तोंड हातभर अंतरावर होतं.

तिला कळलं की पुराव्याला आता इथे जागा नाही. ती पानं उघडून एकेक आकडा समजावत बसली तरी हे ऐकणार नाहीत, कारण यांच्याकडे त्याहून मोठा पुरावा आहे. बाबांचा शब्द. आणि तो शब्द बाबांना तिनंच दिला होता, मटाराच्या टरफलांसमोर, दोन तास वाचावेत म्हणून. आता तो काढून घ्यायचा तर तो या माणसांपुढे काढून घ्यावा लागणार होता. यापुढे बाबा चुकत नाहीत असं कुणी म्हणणार नव्हतं. बाबा एकदाच चुकले होते, तिच्या बाबतीत, आणि ते सगळ्यांना कळणार होतं.

"मी वाचलं नव्हतं," ती म्हणाली.

पंपाच्या आवाजात ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. मॅडमनी कानाशी हात नेला. मामांचं बोट कळीवर वाकलं.

ती पुढे झाली, मामांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आणि ओरडली, इतक्या मोठ्यानं की सर्व्हिसवाला मागे सरला.

"मी वाचलं नव्हतं! शेवटची अकरा पानं मी उघडलीसुद्धा नव्हती! त्यांनी मला विचारलं आणि मी खोटं बोलले, मी तुमच्याशी खोटं बोलले, बाबा!"